ऋतूपुरतीच शाई : हातकार्डांसाठी पळस, झेंडू आणि प्राजक्ताचे रंग घरी कसे करावेत

हाताने शुभेच्छापत्रे करणाऱ्यांसाठी परदेशातल्या अनेक शाई-कंपन्या ऋतूच्या नावाने मर्यादित रंग बाजारात आणतात. पानगळीचा एक, नाताळचा एक, वसंताचा एक असे ते रंग असतात. ठरावीक बाटल्या खपल्या की ते बंद होतात आणि पुढच्या वर्षी त्याच नावाने मागणी केली तरी मिळतीलच असे नसते. आपल्याकडे ही सोय झाडांनीच करून ठेवली आहे. पळस माघाच्या अखेरीस फुलू लागतो आणि चैत्र सरेपर्यंत त्याची फुले संपलेली असतात. प्राजक्ताचा सडा श्रावणापासून आश्विनापर्यंत पडतो. जांभळे ज्येष्ठात पिकतात आणि पावसाने जोर धरला की जातात. या फुलाफळांपासून केलेली शाई त्या ऋतूपुरतीच मिळते, आणि त्या शाईने केलेली कार्डेही तेवढीच होतात. ही शाई घरी कशी करावी, तिच्यासाठी कोणता कागद घ्यावा आणि तिचा रंग शक्य तितका कसा टिकवावा, हे मी स्वतः करून पाहिलेल्या गोष्टींवरून येथे सविस्तर लिहीत आहे.

आरंभीच एक नियम सांगतो, कारण पुढची सगळी मांडणी त्यावर उभी आहे : शाई आधी करावी आणि कार्डांची संख्या नंतर ठरवावी. पहिल्या वर्षी मी नेमके उलटे केले होते. गुढीपाडव्यासाठी साठ कार्डे करायची असे ठरवून मी कागद कापून ठेवले, पळसाची एक बाटली शाई केली, आणि चौतिसाव्या कार्डावर ती संपली. आठ दिवसांनी त्याच झाडाखालची फुले आणून दुसरी शाई केली, तर ती पहिलीशी मुळीच जुळेना. पहिली गडद केशरी उतरली होती, दुसरी पिवळसर. दोन्ही कार्डे शेजारी ठेवली की दोन वेगळ्या हातांनी केल्यासारखी दिसत. फुले किती ताजी आहेत, पाणी नळाचे आहे की बोअरचे, ते किती वेळ उकळले, या प्रत्येक गोष्टीने वनस्पतीच्या रंगात फरक पडतो, त्यामुळे एकदा संपलेली छटा पुन्हा हुबेहूब साधण्याच्या मागे लागू नये. हाती किती शाई आली ते आधी मोजावे, आणि ती जितक्या कार्डांना पुरेल तितकीच कार्डे करावीत. एका घडीच्या कार्डावर एक मध्यम ठसा आणि कडेची एक रेघ एवढे काम असेल, तर माझ्या अनुभवात प्रत्येक कार्डाला साधारण दीड मिलिलिटर शाई लागते. स्टॅम्प पॅडमध्ये मुरून जाणारी शाई यात धरलेली आहे. म्हणजे साठ मिलिलिटरच्या बाटलीत चाचणीचा भाग वजा जाता पस्तीस कार्डे होतात.

हाताशी काय असावे

एक स्टेनलेस स्टीलचे पातेले केवळ याच कामासाठी वेगळे काढावे. लोखंडी कढई, ॲल्युमिनियमचे भांडे किंवा कल्हई गेलेले तांब्या-पितळेचे पातेले वापरू नये, कारण त्या धातूंचा अंश पाण्यात उतरतो आणि रंग बदलतो किंवा काळवंडतो. ढवळण्यासाठी लाकडी पळी, गाळण्यासाठी जुन्या मलमलीचे किंवा धोतराचे स्वच्छ धुतलेले फडके, ग्रॅममध्ये मोजणारा लहान वजनकाटा आणि औषधाच्या दुकानात मिळतात तशा तपकिरी काचेच्या बाटल्या एवढे साहित्य पुरते. पाणी शक्यतो गाळलेले किंवा साठवलेले पावसाचे वापरावे, आणि एका हंगामात तेच पाणी शेवटपर्यंत ठेवावे. बोअरच्या जड पाण्यात क्षार असतात आणि त्याने काही रंगांची छटाच पालटते.

शाईत घालायच्या वस्तू तीनच आहेत : तुरटी, डिंक आणि लवंग. तुरटीतले ॲल्युमिनियम रंगद्रव्याशी बांधले जाते, त्यामुळे रंग उजळतो आणि कागदाला धरून राहतो. डिंकामुळे शाईला अंग येते, ती कागदात पसरून फुटत नाही आणि ठशाच्या कडा स्वच्छ उमटतात. लवंगेच्या तेलामुळे बुरशी लांब राहते. डिंक बाभळीचा घ्यावा. हिवाळ्यात लाडवांसाठी बहुधा मिळतो तो धावड्याचा डिंक पाण्यात फुगतो, पण पूर्ण विरघळत नाही आणि शाईत लोळ राहतात. दहा ग्रॅम बाभळीचा डिंक कुटून, वीस मिलिलिटर कोमट पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी फडक्यातून गाळून घ्यावा. हे डिंकाचे पाणी पुढे प्रत्येक कृतीत लागणार आहे. ते फ्रिजमध्ये आठवडाभर राहते.

पळसाची शाई, सविस्तर

पळसापासून सुरुवात करावी असे मी प्रत्येक नवशिक्याला सांगतो, कारण त्याची फुले मुबलक असतात, रंग सहज उतरतो आणि थोडी चूक झाली तरी सावरता येते. फुले झाडावरून तोडू नयेत. पळसाच्या मधावर मैना, बुलबुल आणि शिंजीर येत असतात, आणि आपल्याला लागतात तेवढी फुले सकाळी झाडाखाली पडलेली असतातच. सुपात किंवा उपरण्यावर ती गोळा करावीत आणि घरी आणण्यापूर्वी झटकावीत, कारण त्यांत मुंग्या हमखास असतात.

घरी आल्यावर करायचे काम वेळखाऊ आहे, पण ते टाळू नये. पळसाच्या प्रत्येक फुलाच्या बुडाशी काळपट, मखमलीसारखा एक पेला असतो. फूल एका हाताच्या चिमटीत आणि तो पेला दुसऱ्या चिमटीत धरून हलकासा पीळ दिला की पाकळ्या सुटून येतात. हे पेले तसेच ठेवून उकळले तर शाईत तपकिरी झाक येते आणि केशरी रंगाचे तेज जाते. मी एकदा दोन्ही प्रकारे करून एकाच कागदावर पट्ट्या ओढल्या होत्या. पेल्यांसह केलेली शाई जुन्या चहाच्या डागासारखी दिसत होती, आणि बिनपेल्यांची शाई नुकत्याच सोललेल्या संत्र्याच्या सालीसारखी. त्यानंतर हे काम मी कधी चुकवले नाही. पाकळ्या ताज्या असतील तर दोनशे ग्रॅम घ्याव्यात. सावलीत वाळवलेल्या असतील तर पन्नास ग्रॅम पुरतात.

पाकळ्या अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात. सकाळी त्याच पाण्यासह पातेले मंद आचेवर ठेवावे आणि पाऊण तास ठेवावे. पाण्याला खळखळ उकळी येऊ देऊ नये. पृष्ठभाग नुसता थरथरता राहिला पाहिजे. गार झाल्यावर फडक्यातून गाळून, फडके पिळून, गाळलेले पाणी पुन्हा मंद आचेवर ठेवून शंभर मिलिलिटरपर्यंत आटवावे. आता त्यात अडीच ग्रॅम, म्हणजे सपाट अर्धा चमचा, कुटलेली तुरटी घालावी. तुरटी विरघळताच रंग डोळ्यांदेखत उजळून पिवळ्या-केशरी अंगाला जातो. अधिक तांबूस केशरी हवा असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून थेंबाथेंबाने घालावा आणि प्रत्येक थेंबानंतर कागदावर रेघ ओढून पाहावी. होळीसाठी पळसाचा रंग करताना त्यात चुना घालण्याची जुनी रीत होती, तिच्यामागचे कारण हेच आहे : क्षाराने पळसाचा पिवळा रंग तांबूस होतो. सोडा तुरटीशी मिसळला की फेस येतो आणि जास्त झाला तर शाईत गाळ बसतो, म्हणून हात आखडता ठेवावा.

शेवटी शाई दोन भागांत वाटावी. टाकाने किंवा बोरूने लिहिण्यासाठी दर पन्नास मिलिलिटरला एक चहाचा चमचा डिंकाचे पाणी घालावे. ठशांसाठी तीन चमचे घालावे. प्रत्येक बाटलीत चार लवंगा टाकाव्यात. बाटल्या आधी उकळत्या पाण्यात काढून पूर्ण वाळवलेल्या असाव्यात. एका वर्षी मी लवंगा घालायला विसरलो आणि बाटली कपाटात ठेवली; वैशाखाच्या उकाड्यात शाई आंबली, बूच उडाले आणि शेजारी ठेवलेला कोऱ्या कागदांचा गठ्ठा भिजला. डिंक आणि फुलांतली साखर दोन्ही आंबणाऱ्या वस्तू आहेत, तेव्हा बाटली फ्रिजमध्येच ठेवावी आणि दोन-अडीच महिन्यांत संपवावी. शाईवर पांढरी साय दिसली किंवा आंबूस वास आला, तर ती टाकून द्यावी.

यातली कोणतीही शाई फाउंटन पेनात भरू नये. डिंक आणि बारीक गाळ निबेच्या वाटेत साचतो आणि पेन कायमचे अडते. बोरू, टाक, कुंचला आणि ठसा हीच या शाईची साधने आहेत.

कागद आणि चाचणी

शाईइतकाच कागद महत्त्वाचा आहे, आणि या बाबतीत महाराष्ट्रातले लोक भाग्यवान आहेत. पुण्यात शिवाजीनगरला 1940 मध्ये स्थापन झालेल्या हातकागद संस्थेत सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद होत आला आहे, आणि सुती हातकागदावर वनस्पतींचे रंग जसे खुलतात तसे गुळगुळीत यंत्रकागदावर खुलत नाहीत. कार्डासाठी 250 ते 300 जीएसएमचा कागद घ्यावा. एक ए-फोर ताव मधोमध कापला की दोन ए-फाइव्ह तुकडे होतात, आणि प्रत्येकाची घडी घातली की 105 बाय 148 मिलिमीटरचे कार्ड तयार होते. ते सी-सिक्स मापाच्या पाकिटात नीट बसते. कड फाडलेली हवी असेल तर पट्टीच्या कडेने ओला कुंचला दोनदा फिरवावा, मिनिटभर थांबावे आणि मग कागद पट्टीशी दाबून हळूहळू फाडावा. घडी घालण्यापूर्वी त्या जागी विणायच्या सुईने किंवा बोथट सुरीच्या पाठीने एक खोल रेघ पाडावी, नाहीतर जाड कागद घडीवर फुटतो.

काही हातकागदांना खळ कमी असते आणि त्यांवर शाई फुटते, म्हणजे रेघेला केसांसारखे फाटे येतात. असा कागद असेल तर साबुदाण्याची अगदी पातळ खळ करून रुंद कुंचल्याने एक हात द्यावा, सावलीत वाळवावा आणि जड पुस्तकांखाली एक रात्र दाबून ठेवावा.

चाचणीची पट्टी केल्याशिवाय एकही कार्ड करू नये, असा माझा आग्रह आहे. ज्या कागदाची कार्डे करायची त्याचीच दोन बोटे रुंदीची पट्टी कापून तिच्यावर शाईचा एक हात, दोन हात आणि तीन हात असे तीन चौकोन भरावेत. वाळल्यावर पट्टीचा अर्धा भाग जाड काळ्या कागदाने झाकून ती उन्हाच्या खिडकीत चिकटवावी आणि पंधरा दिवसांनी कागद काढून पाहावे. उघडा भाग झाकलेल्यापेक्षा किती उतरला, यावरून ते कार्ड भिंतीवर लावण्याजोगे आहे की पाकिटात जपून ठेवण्याजोगे, हे कळते. दुसरे असे की, कागद टिकावा म्हणून काही कारखाने लगद्यात खडूची भुकटी घालतात. असा कागद क्षारधर्मी असतो आणि त्यावर शाईची छटा बदलते. पळस त्यावर अधिक तांबूस दिसतो, आणि गोकर्णीची निळी शाई हिरवट होते. बाटलीत दिसणारा रंग आणि कागदावर उमटणारा रंग एकच असेल, असे कधीही गृहीत धरू नये.

दसरा ते दिवाळी : झेंडूचे वीस दिवस

आश्विन शुद्ध दशमीला दसरा आणि त्याच महिन्याच्या अमावास्येला लक्ष्मीपूजन, म्हणजे मध्ये सुमारे वीस दिवस असतात. दिवाळीच्या कार्डांसाठी इतके सोयीचे वेळापत्रक दुसरे नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दारावरचे तोरण, गाडीचा हार आणि पूजेतला झेंडू एकत्र करावा. शेजाऱ्यांकडेही मागावा, कारण त्या दिवशी सगळीकडे तो टाकूनच दिला जाणार असतो. दोरा, तार आणि आंब्याची पाने काढून फुले दोन पाण्यांत धुवावीत आणि हिरवा देठ व बूड वगळून केवळ पाकळ्या ओरबाडून घ्याव्यात. कोमेजलेल्या झेंडूतही रंग पुरेसा असतो.

शंभर ग्रॅम पाकळ्या अर्धा लिटर पाण्यात चाळीस मिनिटे मंद आचेवर ठेवून गाळाव्यात, पाणी शंभर मिलिलिटरपर्यंत आटवावे आणि पळसाप्रमाणेच तुरटी, डिंक व लवंग घालावी. तुरटी घालताच मळकट पाण्यातून लख्ख हळदी पिवळा वर येतो. या पिवळ्याचा चतुर्थांश भाग वेगळा काढून त्यात हिराकसाच्या (लोहाच्या एका क्षाराच्या) पाण्याचे दोन-तीन थेंब टाकले की तो शेवाळी हिरवा होतो. एकाच तोरणातून फुलाचा पिवळा आणि पानाचा हिरवा असे दोन्ही रंग मिळतात, आणि दिवाळीच्या कार्डावर झेंडूचेच तोरण झेंडूच्याच शाईत काढता येते. मला स्वतःला वर्षभरातल्या सगळ्या शायांत हीच सर्वांत जवळची वाटते. शाई आणि चाचणीसाठी पाच दिवस, ठसे उमटवून वाळवण्यासाठी तीन दिवस आणि लिहिण्यासाठी दोन दिवस धरावेत. या घाईच्या चाचणीत खिडकीतले पंधरा दिवस बसत नाहीत, म्हणून झेंडूची उन्हातली चाचणी एखाद्या वर्षी आधीच करून तिची पट्टी जपून ठेवावी. दहाव्या-अकराव्या दिवशी कार्डे टपालात पडली की दिवाळीपूर्वी पोचायला हरकत नसते.

प्राजक्त, आणि थोडक्यात इतर काही रंग

प्राजक्ताच्या फुलाचा रंग त्याच्या नारिंगी देठात असतो, आणि ते रंगद्रव्य केशरातल्या रंगद्रव्याच्याच कुळातले आहे. पहाटे अंगणात पडलेला सडा वेचून, पांढऱ्या पाकळ्या वेगळ्या करून, केवळ देठ घ्यावेत. ओंजळभर फुलांतून जेमतेम चमचाभर देठ निघतात, म्हणून रोज थोडे थोडे सावलीत वाळवून काचेच्या बरणीत साठवत जावे. वाळलेल्या देठांची एक लहान वाटी जमली की अर्धी वाटी कोमट पाण्यात ते चार-पाच तास भिजवावेत. येथे उकळायचे नाही. जास्त उष्णतेने हा रंग बिघडतो. सोनेरी केशरी पाणी गाळून त्यात चिमूटभर तुरटी आणि एक चमचा डिंकाचे पाणी घालावे. ही शाई दोन-तीन चमचेच मिळते, म्हणून ती ठशाला वापरू नये. गणपतीच्या आमंत्रणपत्रिकेवर बारीक कुंचल्याने एखादी वेल काढावी किंवा एखादे अक्षर भरावे. उन्हात हा रंग लवकर उतरतो, हे कार्ड पाठवताना सांगावे.

गोकर्णीची तीसेक फुले अर्धा कप गरम पाण्यात टाकली की दहा मिनिटांत निळी शाई होते. लिंबाच्या दोन थेंबांनी ती जांभळी होते. श्रावणातल्या राखीच्या कार्डावर दोन्ही छटा शेजारी शेजारी छान दिसतात, पण निळा रंग काही महिन्यांतच राखाडी होतो. जांभळाचा गर बियांशिवाय कुस्करून पंधरा मिनिटे मंद आचेवर ठेवला की गडद रंग येतो. तो फार आटवू नये, कारण त्यातल्या साखरेने कार्ड चिकट राहते आणि मुंग्या लागतात. रातांब्याचा लाल रंग सर्वांना मोह घालतो. मी तो कार्डांवर वापरत नाही. कोकमातले आम्ल तीव्र असते आणि आम्लाने कागद काही वर्षांत ठिसूळ होतो. ज्याला आपण कार्ड पाठवतो त्याने ते जपून ठेवावे अशी आपली इच्छा असते, आणि या शाईने नेमका कागदच आधी जातो. हळदीचेही तसेच आहे : रंग सुरेख, पण उन्हापुढे तो टिकत नाही.

संक्रांतीसाठी शेंद्री घ्यावी. लहान पाकिटात तिळगुळाचे दाणे किंवा हलवा घालून कार्ड पाठवण्याची आपली पद्धत जुनी आहे, आणि शेंद्रीची बोंडे पिकतात तीही त्याच थंडीत. कोकणातल्या परसांत हे झाड पुष्कळ ठिकाणी दिसते. दोन चमचे बियांवरचा लाल थर साध्या पाण्यात नीट उतरत नाही, म्हणून दीडशे मिलिलिटर गरम पाण्यात पाव चमचा धुण्याचा सोडा विरघळवून त्यात बिया चोळाव्यात. नारिंगी रंग लगेच सुटतो. या शाईत तुरटी मुळीच घालू नये. तुरटीच्या आम्लाने रंग गाळ होऊन तळाशी बसतो. केवळ डिंक आणि लवंग पुरेशी आहे.

मजकूर काळ्या शाईतच लिहावा

फुलांच्या शाया उन्हाने उतरतात, ही गोष्ट स्वीकारूनच कार्डाची मांडणी करावी. चित्र, ठसा आणि किनार ऋतूच्या शाईत काढावी. नाव आणि मजकूर टिकाऊ काळ्या शाईत लिहावा. वीस वर्षांनी ते कार्ड कोणी उघडले तर पळस फिकट झालेला असेल, पण अक्षर वाचता आले पाहिजे.

टिकाऊ काळ्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला काजळाचा आहे. तिळाच्या किंवा एरंडेलाच्या दिव्यावर पालथी वाटी धरून जमवलेले काजळ डिंकाच्या पाण्यात खूप वेळ खलावे. जुन्या पोथ्यांची अक्षरे आजही काळीभोर दिसतात ती याच प्रकारच्या शाईमुळे, कारण काजळ म्हणजे निव्वळ कार्बन, आणि तो उन्हाने उडत नाही. खलणे मात्र निगुतीने, निदान दोन तास तरी झाले पाहिजे. कमी खलले तर टाकातून शाई अडखळत उतरते.

दुसरा मार्ग हिरड्याचा आहे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत महादेव कोळी समाजाचे लोक गोळा करतात तो बाळहिरडा किंवा काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा साधा हिरडा चालतो. वीस ग्रॅम जाडसर कुटलेला हिरडा, मोठा असल्यास बी काढून, तीनशे मिलिलिटर पाण्यात रात्रभर भिजवावा, अर्धा तास उकळावा, गाळावा आणि शंभर मिलिलिटर ठेवावा. त्यात दोन ग्रॅम हिराकस विरघळवावे. हिरड्यातले टॅनिन आणि हिराकसातले लोह एकत्र आले की काळा रंग होतो. लिहिताना तो करडा दिसतो आणि हवा लागून रात्रभरात गडद होत जातो. हिराकस वाढवले तर लगेच काळेभोर दिसते, म्हणून ते वाढवण्याचा मोह होतो, पण जादा लोह कागद आतून जाळते आणि काही वर्षांनी अक्षराच्या जागी तपकिरी छिद्रे पडतात. हिराकस विषारी आहे. ते मुलांच्या हाती लागू देऊ नये, हातमोजे घालावेत आणि ते वापरलेले भांडे स्वयंपाकात घेऊ नये.

ठसा उमटवणे आणि वाळवणे

विकतच्या स्टॅम्प पॅडमध्ये ही शाई ओतू नये. घरी पॅड करणे सोपे आहे. पसरट डब्याच्या झाकणात नमद्याचे किंवा जाड फ्लॅनेलचे तीन थर बसवावेत, दोन चमचे दाट शाई सगळीकडे सारखी पडेल अशी ओतावी, दहा मिनिटे मुरू द्यावी आणि वरची ओल टिपकागदाने हलकेच टिपून घ्यावी. लाकडी ठसे या शाईला सर्वांत योग्य आहेत, कारण लाकूड थोडे पाणी धरते. रबराच्या किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या ठशावर पातळ शाईचे मणी होतात. अशा ठशाचा पृष्ठभाग अगदी बारीक पॉलिश पेपरने एक-दोनदा घासला की शाई पसरून बसते. मुलांना बरोबर घेऊन काम करायचे असेल तर भेंडी आडवी कापून, तिचा चीक पुसून आणि तास-दोन तास सुकवून वापरावी. तिच्या पाच-सहा कप्प्यांचे फूल इतके नेटके उमटते की वेगळा ठसा कोरण्याची गरजच राहत नाही.

कागदाखाली जुन्या चादरीची चौपदरी घडी ठेवावी. टणक टेबलावर ठसा मध्ये पुसट येतो. खाली थोडे मऊ असले की कडा आणि मध्यभाग सारखे दाबले जातात. ठसा ठेवून तळहाताने एकदाच सरळ खाली दाबावे आणि सरळ वर उचलावे, हलवू नये. आधी सगळ्या कार्डांवर ठसे उमटवावेत, एक दिवस सावलीत वाळू द्यावेत, मग घडी घालावी, आणि मजकूर सर्वांत शेवटी लिहावा. ओलीने कागद वाकला असेल तर दोन टिपकागदांमध्ये ठेवून पुस्तकांखाली दाबावा.

प्रत्येक कार्डाच्या मागे लहान अक्षरात त्याचा क्रमांक आणि एकूण संख्या घालावी, म्हणजे पस्तीसपैकी सातवे असेल तर 7/35, आणि त्याखाली झाड व महिना लिहावा : पळस, फाल्गुन. ज्याला कार्ड मिळते त्याला ती शाई कुठून आली हे कळते, आणि आपल्यालाही पुढच्या वर्षी ताळा करायला सोपे जाते. शिवाय एका वहीत प्रत्येक शाईची पट्टी चिकटवून, फुलांचे वजन, पाणी, तुरटी, डिंक, किती आटवले आणि कोणता कागद घेतला, ही नोंद ठेवावी. विकत आणलेल्या मर्यादित रंगाच्या बाटलीसाठीही हीच वही उपयोगी पडते.

शाई उरली आणि फ्रिजमध्ये जागा नसेल, तर तिच्या वड्या कराव्यात. उरलेल्या शाईत दर दोन चमच्यांना एक चमचा डिंकाचे पाणी आणि मधाचा एक थेंब घालून, ती शिंपल्यात किंवा लहान वाटीत ओतून, वर मलमल बांधून सावलीत सुकू द्यावी. दमट हवेत आठ-दहा दिवस लागतात, म्हणून पावसाळ्यात हे काम करू नये. वडी पूर्ण सुकली की कागदात गुंडाळून डबीत ठेवावी. पुढे हवी तेव्हा ओला कुंचला तिच्यावर फिरवला की रंग सुटतो. एखादे कार्ड टपालात हरवले आणि त्याच्या जागी दुसरे करायचे असले, तर त्याच हंगामाची शाई अशी हाताशी राहते.

पाकिटात घालण्यापूर्वी कार्डाच्या दोन पानांमध्ये टिपकागदाची एक चिठ्ठी ठेवावी, कारण दमट हवेत डिंकाची शाई समोरच्या पानाला धरते. तीच चिठ्ठी पत्र पोचल्यावरही आतच राहू द्यावी, असे वरच्या कोपऱ्यात लिहून मग पाकीट बंद करावे.